रोजच्या जेवणासोबतची वाइन : कमी किमतीत चांगली बाटली कशी निवडावी?

द्राक्षवेल

खास प्रसंगासाठी वाइन निवडणे मला कधीच फारसे अवघड वाटले नाही. तिथे नावाजलेले प्रदेश, जुनी घराणी आणि समीक्षकांनी दिलेले गुण हाताशी असतात, आणि एका दिवसापुरती किंमत सोसण्याची तयारीही असते. अवघड असते ती साध्या संध्याकाळची बाटली, जी कोणतेही निमित्त नसताना उघडायची, जेवणाबरोबर एखादा पेला घ्यायचा आणि उरलेली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपवायची. ती स्वस्त असावी लागते, कारण ती पुन्हापुन्हा घ्यायची असते. आणि ती चांगलीही असावी लागते, कारण निम्मी बाटली मोरीत ओतावी लागली तर वाचवलेल्या पैशाला काही अर्थ उरत नाही. गेली दहा-बारा वर्षे मी अशा बाटल्यांच्या शोधात आहे. त्यातून हाती आलेले काही ठोकताळे इथे मांडते आणि आपले अनुभव विचारते.

आधी ‘चांगली’ या शब्दाची मर्यादा ठरवू. रोजच्या वाइनकडून मी गुंतागुंतीची अपेक्षा करत नाही आणि ती वीस वर्षे तळघरात टिकावी असेही मला वाटत नाही. तिच्यात दोष नसावा, फळाचा स्वाद ताजा असावा, आम्लता इतकी असावी की घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ वाटेल, आणि गोडवा किंवा लाकडाचा वास यांपैकी काहीही जेवणावर कुरघोडी करू नये.

आता किमतीकडे वळते. बाटलीची काच, बूच, लेबल, खोका, वाहतूक, कर आणि विक्रेत्यांचा नफा हे सारे तिच्या किमतीत असतेच. यातला बराच खर्च आतली वाइन कशीही असली तरी जवळजवळ तेवढाच राहतो; विशेषतः जिथे कर किमतीवर न लागता लिटरवर किंवा मद्यार्काच्या प्रमाणावर लागतो, तिथे अगदी स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षरसाच्या वाट्याला फारच थोडा पैसा येतो. त्यामुळे सर्वांत खालच्या फळीवरून एकच पायरी वर चढले की वाढीव पैशातला मोठा भाग थेट वाइनवर खर्च झालेला असतो. त्यापुढे बऱ्याच पायऱ्या चढल्यावर मात्र आपण जमिनीचा भाव, प्रसिद्धी आणि दुर्मीळपणा यांचे पैसे भरू लागतो. रोजच्या वाइनची जागा या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

वाइन महाग करणारी दुसरी गोष्ट म्हणजे ओकचे नवे पिंप. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइन-प्रदेशात रूढ असलेल्या पिंपात २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या, आणि पिंपाची सारी किंमत या ३०० बाटल्यांवरच वाटली जाते. म्हणून स्वस्त वाइनला व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या लाकडाचा दाट वास येत असेल, तर तो बहुधा टाकीत सोडलेल्या ओकच्या ढलप्यांमुळे किंवा फळ्यांमुळे आलेला असतो. युरोपीय संघाने २००६ मध्ये ढलप्यांना परवानगी दिली, इतर अनेक देशांत त्या आधीपासून वापरात होत्या. यात बेकायदा काही नाही, परंतु त्या वासाखाली फळ दबून जाते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे. म्हणून मी लाकडाची गरजच नसलेले प्रकार शोधते : फ्रान्सची पांढरी मस्कादे आणि लाल बोजोले, पोर्तुगालची व्हिन्यो वेर्दे, रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची कोरडी (गोडवा नसलेली) वाइन, टाकीतच तयार झालेली फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली तरुण कोत द्यु रोन.

आपण कोणत्या वाटेने शोधता?

पांथस्थ
विषय : मोठ्या नावाच्या शेजारी

द्राक्षवेल यांचे विवेचन पटले. त्यात एक भर घालतो. पैसा कशावर खर्च झाला हे पाहताना प्रदेशाच्या नावावर किती खर्च झाला, हाही प्रश्न विचारायला हवा.

ऱ्होन नदीच्या दक्षिण खोऱ्याचेच पाहा. शातनफ द्यु पाप हे तिथले सर्वांत प्रसिद्ध नाव आहे. त्याच्या आसपासच्या गावांतही ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र हीच द्राक्षे लावली जातात आणि तोच उन्हाळा, तोच वारा त्यांना मिळतो. व्हाकेरास हे गाव १९९० पर्यंत ‘कोत द्यु रोन व्हिलाज’ या सामायिक नावाखाली विकले जात असे, मग त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला. केरान या गावाचे तसेच २०१६ मध्ये झाले. मळे तेच, द्राक्षे तीच, परंतु लेबलावर गावाचे नाव एकटे आले की भाव चढू लागतो. म्हणून मी नेहमी असे गाव शोधतो, ज्याला अजून बढती मिळालेली नाही. ‘व्हिलाज’ या शब्दासह छापलेली कोत द्यु रोन, किंवा पलीकडच्या व्हाँतू आणि ल्युबेराँ या टेकड्यांवरची लाल वाइन, यांनी मला क्वचितच निराश केले आहे.

फेसाळ वाइनमध्ये हा फरक आणखी ठळक आहे. क्रेमाँ या शॅम्पेनबाहेरच्या फ्रेंच फेसाळ वाइनमध्ये आणि स्पेनच्या काव्हामध्येही दुसरे किण्वन बाटलीतच होते आणि दोन्हींना यीस्टच्या गाळावर किमान ९ महिने ठेवावे लागते. वर्ष न लिहिलेल्या साध्या शॅम्पेनसाठी एकूण १५ महिन्यांची अट आहे, त्यांपैकी १२ गाळावर. पद्धत तीच आहे आणि मुदतीत थोड्या महिन्यांचा फरक आहे, परंतु किमतीतला फरक या महिन्यांनी समजावता येत नाही. इटलीची प्रोसेको बहुतांशी टाकीत फेसाळवली जाते, म्हणून तिची तुलना या दोघींशी करू नये. ती वेगळ्या चवीची, सोपी वाइन आहे.

लाल वाइनसाठी स्पेनमधल्या कालातायुद आणि काम्पो दे बोर्हा या भागांतली गार्नाचा (ग्रेनाशचेच स्पॅनिश नाव) आवर्जून चाखावी. तिथे जुन्या, कमी फळ देणाऱ्या वेली उंच आणि कोरड्या जमिनीवर अजून उभ्या आहेत. जुन्या वेलींचा दाटपणा कमी पैशांत मिळण्याची जागा म्हणून मी प्रथम हिचे नाव घेईन.

निरगाठ
विषय : फिरकीचे झाकण

फिरकीचे झाकण म्हणजे हलक्या प्रतीची वाइन, हा समज अजूनही ऐकू येतो, तो सोडून द्यावा. ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंग उत्पादकांनी २००० मध्ये एकत्र येऊन ही झाकणे स्वीकारली, ती बुचातून येणाऱ्या टीसीए या रसायनाला कंटाळूनच. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला आणि फळाचा स्वाद पार मावळला, तर ते टीसीएचे लक्षण समजावे. कमी किमतीच्या बाटलीत हलक्या प्रतीच्या बुचापेक्षा झाकण केव्हाही सुरक्षित.

द्राक्षवेल
विषय : ब्रँडीसाठी लावलेले मळे

पांथस्थ यांनी शेजारच्या गावांचा मुद्दा फार चांगला मांडला. त्यालाच जोडून माझे एक निरीक्षण सांगते. ते मूळ लेखात लिहायचे राहिले, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत उपयोगाचे आहे.

स्वस्त आणि चांगल्या पांढऱ्या वाइनचा माग काढत गेले की वारंवार असे मळे भेटतात, जे मुळात पिण्याच्या वाइनसाठी नव्हे तर ब्रँडीसाठी लावले गेले. ब्रँडी गाळण्यासाठी आम्लता जास्त आणि मद्यार्क कमी असलेली साधी पांढरी वाइन लागते. पुढे ब्रँडीची मागणी घटली तरी वेली जमिनीत राहिल्या. त्यांच्यामागे मोठ्या नावाचा वारसा नसल्याने भाव चढला नाही; आणि जी आम्लता भट्टीसाठी हवी होती, तीच जेवणाबरोबरच्या ताज्या वाइनला उपयोगी पडते.

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या मुखाजवळची मस्कादे हे याचे पहिले उदाहरण. तिथे डच व्यापाऱ्यांना गाळण्यासाठी पांढरी वाइन हवी होती. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात बऱ्याच वेली मेल्या आणि त्यांच्या जागी थंडी सोसणारे मेलाँ द बुर्गोन्य हे द्राक्ष मोठ्या प्रमाणावर आले. या द्राक्षाला स्वतःचा फारसा सुगंध नाही. म्हणून तिथले उत्पादक वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवून वसंतात तशीच बाटलीत भरतात, आणि त्यामुळे तिला हलकी भरीवता आणि किंचित खारी चव येते. लेबलावर ‘स्युर ली’ (गाळावर ठेवलेली) हे शब्द असतील तीच बाटली घ्यावी. दुसरे उदाहरण नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गास्कोन्यचे. आर्मान्याक या ब्रँडीसाठी लावलेली कोलोंबार आणि उन्यी ब्लाँ ही द्राक्षे आज ‘कोत द गास्कोन्य’ या नावाने हलकी, लिंबाच्या सालीसारख्या वासाची वाइन देतात. तिसरे दक्षिण आफ्रिकेच्या शेनाँ ब्लाँचे. तिथे हे द्राक्ष ‘स्टीन’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या लावले गेले आणि त्यातले बरेचसे ब्रँडीकडे जात असे. आज ते तिथले सर्वाधिक लागवडीचे द्राक्ष आहे आणि ३५ वर्षे वा त्याहून जुन्या मळ्यांच्या बाटल्यांना लागवडीच्या वर्षासह प्रमाणित चिकटपट्टी मिळू शकते. अशा चिकटपट्टीची साधी शेनाँ दिसली तर मी ती सोडत नाही.

तिन्ही ठिकाणी कारण एकच आहे. ज्या जमिनीकडून कोणी थोर वाइनची अपेक्षा केली नव्हती, त्या जमिनीवर नावाचा अधिभार बसलेला नाही.

सांजवेळ
विषय : मोठ्या कंपन्यांच्या बाटल्यांविषयी

चर्चा वाचताना असे वाटले की इथल्या बहुतेकांना लहान प्रदेश, जुन्या वेली आणि अनवट द्राक्षे यांचेच आकर्षण आहे. मी थोडा वेगळा विचार मांडू इच्छिते. नव्याने वाइन पिऊ लागलेल्या माणसाला गास्कोन्य कुठे आहे हे ठाऊक नसते आणि ते शोधण्याइतका वेळही नसतो. मोठ्या उत्पादकांच्या बाटल्या अनेक मळ्यांतल्या द्राक्षांचे मिश्रण करून बनवतात. त्यामुळे एखाद्या वर्षी एका ठिकाणी पाऊस जास्त झाला तरी चवीत फारसा फरक पडत नाही. हे सातत्य हाही एक गुण आहे आणि रोजच्या वाइनमध्ये तो मला महत्त्वाचा वाटतो. लहान उत्पादकाच्या स्वस्त बाटलीत मला दोनदा स्पष्ट दोष आढळला. एकीला तीव्र व्हिनेगरचा वास होता आणि दुसरी बाटलीतच पुन्हा आंबू लागली होती. मोठ्या कंपनीच्या बाटलीत असे माझ्या बाबतीत कधी झाले नाही.

अनुस्वार
विषय : लेबलावरचे कोणते शब्द वाचावेत

सांजवेळ यांचा सातत्याचा मुद्दा रास्त आहे, आणि दोषमुक्त वाइन बनवण्यात मोठ्या उत्पादकांचा हात धरणे कठीण, हेही खरे. माझी अडचण दोषाची नसून साखरेची आहे. मोठ्या खपाच्या कित्येक लाल वाइनमध्ये आंबवल्यानंतर उरलेली किंवा द्राक्षरसाच्या अर्कातून मिसळलेली साखर असते आणि लेबलावर त्याचा उल्लेख नसतो. पहिला घोट गोल आणि मऊ लागतो, पण दुसऱ्या पेल्यापर्यंत जीभ थकते. युरोपीय संघाच्या नियमानुसार ‘कोरडी’ म्हणवणाऱ्या वाइनमध्ये लिटरला साधारणपणे ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते आणि आम्लता पुरेशी असेल तर ९ ग्रॅमपर्यंत. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनसाठी तिथे घटक आणि पोषणमूल्ये देणे बंधनकारक झाले असून ती बहुधा क्यूआर चौकटीमागे असतात. त्यात १०० मिलिलिटरमागची साखर लिहिलेली असते. तिला दहाने गुणले की लिटरचा आकडा मिळतो. मी आता खरेदीपूर्वी ती चौकट उघडून पाहतो, आणि ज्या वाइन मला पूर्वी विनाकारण जड वाटत होत्या, त्यांचे कारण अनेकदा तिथेच सापडले.

लेबलावरच्या इतर शब्दांविषयीही लिहितो, कारण त्यांच्यामुळे पुष्कळ पैसा वाया जातो. स्पेनमधला ‘रेसेर्व्हा’ हा शब्द कायद्याने बांधलेला आहे : लाल वाइनसाठी एकूण किमान ३ वर्षे आणि त्यांतले किमान एक वर्ष लाकडात. ‘क्रिआन्सा’ म्हणजे एकूण किमान २ वर्षे, ज्यांत लाकडातले किमान ६ महिने आणि रिओखा या स्पॅनिश प्रदेशात पूर्ण वर्ष. म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी वाइन साठवून ठेवण्याचा खर्च केला आहे, हे त्या शब्दावरून खात्रीने कळते, आणि रिओखाची क्रिआन्सा म्हणूनच लाकडाच्या चवीची आवड असणाऱ्यांसाठी रास्त सौदा ठरते. फ्रेंच ‘रेझेर्व्ह’ला मात्र असा कायदेशीर अर्थ नाही. ‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, या शब्दांनाही फ्रान्समध्ये वयाची अट नाही. ‘ग्रांद’, ‘सिलेक्सियाँ’, ‘प्रेस्तीज’ यांविषयी वेगळे लिहिण्याचीही गरज नाही.

वर्षाकडे अवश्य पाहावे. स्वस्त पांढरी आणि गुलाबी वाइन ताजेपणासाठीच बनवलेली असते, म्हणून ती मिळेल तितकी अलीकडच्या वर्षाची घ्यावी. दक्षिण गोलार्धात तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते आणि उत्तरेत ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, त्यामुळे लेबलावर एकच वर्ष असले तरी चिलीची वाइन फ्रेंच वाइनपेक्षा सुमारे अर्ध्या वर्षाने मोठी असते. रंगहीन काचेतली बाटली खिडकीजवळ किंवा प्रखर दिव्याखाली ठेवलेली असेल तर ती टाळावी. प्रकाशाने अशा वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो.

आणि बाटलीच्या वजनाला भुलू नये. जाड काचेची जड बाटली हातात घेतल्यावर भारदस्त वाटते, पण त्या काचेचे आणि ती वाहून आणण्याचे पैसे आपणच देतो.

मध्यमा
विषय : किमतीचा जिभेवर होणारा परिणाम

वरच्या सर्व सूचना उपयोगी आहेत, परंतु त्या वापरताना आपली जीभ किती सहज फसते हे लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

२००१ मध्ये बोर्दो येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन वासहीन रंगाने लाल करून पुन्हा दिली. लाल दिसणाऱ्या वाइनचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी वापरायचे शब्दच वापरले. २००८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून लोकांना चाखायला दिली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. किंमत जास्त सांगितली की वाइन अधिक आवडल्याचे लोकांनी सांगितले, आणि सुखाच्या अनुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ते खोटे बोलत नव्हते. त्यांना ती खरोखरच जास्त आवडत होती. त्याच वर्षी ६,००० हून अधिक अंध (बाटली झाकून घेतलेल्या) चाचण्यांच्या विश्लेषणात असे आढळले की प्रशिक्षण नसलेल्यांना किंमत माहीत नसताना महागड्या वाइन सरासरीने किंचित कमीच आवडतात. रॉबर्ट हॉजसन या अभ्यासकांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरमधल्या वाइन स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली, तेव्हा आपल्या गुणांत सातत्य राखू शकलेले परीक्षक सुमारे १० टक्केच निघाले.

यातून मी स्वतःसाठी एक शिस्त घालून घेतली आहे. कोणतीही वाइन ‘रोजची’ म्हणून ठरवण्यापूर्वी मी ती तीन पेल्यांच्या चाचणीत बसवते. दोन वाइन घ्यायच्या आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने तीन सारख्या पेल्यांपैकी दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी ओतायची. वेगळा पेला कोणता, एवढेच ओळखायचे. तो ओळखता आला नाही, तर त्या दोन वाइनमधल्या किमतीच्या फरकाला माझ्यापुरता अर्थ नाही. ओळखता आला, तरच कोणती अधिक आवडली हा प्रश्न विचारायचा.

पांथस्थ
विषय : एक सावधगिरी

मध्यमा यांनी सांगितलेले प्रयोग महत्त्वाचे आहेत, फक्त त्यांतून सर्व वाइन सारख्याच असतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या विश्लेषणात सामान्य पिणाऱ्यांना महाग वाइन कमी आवडल्या, त्यातच प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत किंमत आणि आवड यांचा संबंध उलटा, म्हणजे अनुकूल दिसला होता. सरावाने जीभ शिकते, पण ती कोणत्या दिशेने शिकवायची हे आपल्या हातात आहे. मी तरी महाग चवीची सवय मुद्दाम लावून घेणार नाही.

रानजाई
विषय : उरलेल्या बाटलीचे काय करावे?

मी एकटीच पिते आणि एका वेळी एकच पेला. बाटली संपेपर्यंत चौथा दिवस उजाडतो आणि तोवर चव उतरलेली असते. त्यामुळे स्वस्त बाटलीही मला स्वस्त पडत नाही. यावर कोणी उपाय सांगेल का?

निरगाठ
विषय : उत्तर, रानजाई यांच्यासाठी

सर्वांत साधा उपाय असा की ३७५ मिलिलिटरची एक रिकामी बाटली झाकणासह जवळ ठेवावी. नवी वाइन उघडल्याबरोबर तिच्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी. मोठ्या बाटलीतले उरलेले आधी प्यावे. काठोकाठ भरल्याने आत हवा उरत नाही आणि थंडीमुळे ऑक्सिजनची क्रिया मंदावते. अशी वाइन माझ्याकडे आठवडाभर चांगली राहते. लाल वाइनही फ्रिजमध्येच ठेवावी आणि पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढावी.

दुसरा उपाय म्हणजे खोक्यातली पिशवी. दक्षिण ऑस्ट्रेलियातील थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये तिचे पेटंट घेतले. वाइन काढत जावी तशी पिशवी आकसते आणि हवा आत शिरत नाही, त्यामुळे तोटी उघडल्यावर वाइन चार ते सहा आठवडे टिकते. तीन लिटरच्या खोक्यात चार बाटल्यांची वाइन असते आणि काचेचा खर्च वाचतो. फक्त पिशवीच्या प्लास्टिकमधून हळूहळू ऑक्सिजन शिरतोच, म्हणून ती बंद असतानाही वर्षभराहून अधिक ठेवू नये आणि घेताना भरल्याची तारीख पाहावी.

शमी
विषय : ‘रोज’ या शब्दाविषयी

चर्चेचा विषय किमतीचा आहे हे मान्य करून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणून रोजची वाइन निवडताना लेबलावरचा मद्यार्काचा आकडा हाही निकष असावा. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो, १५ टक्क्यांच्या पेल्यात सुमारे १८ ग्रॅम. उष्ण प्रदेशातली गार्नाचा बऱ्याचदा दुसऱ्या गटात मोडते, हे पांथस्थ यांच्या शिफारशीबरोबर ध्यानात घ्यावे. मस्कादे साधारण १२ टक्क्यांच्या आसपास असते आणि व्हिन्यो वेर्दे बहुधा त्याहूनही कमी. मी आठवड्यातले चार दिवस काहीच घेत नाही, आणि उरलेल्या दिवसांसाठी याच दोन वाइन ठेवते.

पांथस्थ

शमी यांचे म्हणणे मान्य. गार्नाचा मी थंड दिवसांत आणि लहान पेल्यात घेतो, हे आधीच लिहायला हवे होते.

द्राक्षवेल
विषय : चाचणीचा निकाल

मध्यमा यांची तीन पेल्यांची चाचणी मी परवा घरी करून पाहिली. एक साधी कोत द्यु रोन घेतली आणि दुसरी तिच्या जवळजवळ दुप्पट किमतीची, एका प्रसिद्ध गावाची. पहिल्या फेरीत माझा अंदाज चुकला. मग लक्षात आले की एक बाटली स्वयंपाकघरात राहिल्याने कोमट झाली होती, आणि मी चव ओळखण्याऐवजी तापमानच ओळखू पाहत होते. लाल वाइन २५ अंशांवर प्यायली की मद्यार्काचा चटका पुढे येतो आणि स्वस्त वाइन आहे त्याहून वाईट लागते. दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून १६ अंशांवर आणल्या आणि पुढच्या दोन्ही फेऱ्यांत वेगळा पेला बरोबर ओळखला. महाग वाइन अधिक दाट आणि अधिक तुरट होती. पण जेवणाबरोबर कोणती आवडली असे विचारल्यावर मी आणि माझे यजमान, दोघांनीही स्वतंत्रपणे साधीकडे बोट दाखवले.

रानजाई

तीनपैकी दोन बरोबर आले, म्हणजे फरक खरोखर कळला असे धरायचे का?

मध्यमा
विषय : अजून नाही

एवढ्यावर धरता येणार नाही. नुसत्या अंदाजाने एका फेरीत बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश असते, आणि तीन फेऱ्यांत दोन किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता २७ पैकी ७, म्हणजे साधारण चारांत एक. हे योगायोगानेही सहज घडते. पाच फेऱ्या कराव्यात. पाचांपैकी चार किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता नुसत्या अंदाजाने सुमारे साडेचार टक्केच उरते, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही. कोमट बाटलीची पहिली फेरी मोजू नये आणि नव्याने सुरुवात करावी. प्रत्येक पेल्यात २० मिलिलिटरहून अधिक ओतू नये आणि घोट थुंकण्यासाठी एक भांडे जवळ ठेवावे, म्हणजे पाचव्या फेरीतही जीभ पहिल्या फेरीइतकीच ताजी राहील.

द्राक्षवेल

तसेच करते. दोन्ही वाइनची आणखी एकेक बाटली आणली आहे, आणि या वेळी पेले भरण्याआधी दोन्हींचे तापमान मोजून घेईन. निकाल इथेच लिहीन.